नियंत्रण गट

सकाळी नऊला पिंजऱ्यांवरचं कापड काढते.
उंदीर मला वासावरून ओळखतात,
मी त्यांना शेपटीवरच्या शाईवरून:
एक रेघ, दोन रेघा, तीन.
बिनरेघेच्या सहाजणींना नुसतं पाणी.

त्यांना आम्ही म्हणतो नियंत्रण गट.
म्हणजे ज्यांच्यावर कसलंच नियंत्रण नाही,
ज्या विणार, एकेका वेताला नऊ, दहा, अकरा,
आणि ज्यांच्या विण्यावरून
बाकीच्यांचं न विणं मोजायचं.

मुळी आली खोतीगावातून.
चावडीपासून बस, पुढे पायी, दोन ओहोळ.
मथुरी वेळीपने आधी मला चपला काढायला लावल्या.
झुडपापुढे तांदळाचे चार दाणे, सुपारीचं खांड,
मग कोयतीच्या टोकाने माती सरकवली
झोपलेल्या पोरावरची चादर सरकवावी तशी.
अर्धीच मुळी कापली. उरलेली झाडाची, म्हणाली.
नाव सांगितलं, पण कानात,
म्हणून इथे लिहीत नाही.
प्रयोगशाळेत ती वाळली, कुटली गेली,
पुठ्ठ्यावर चिकटून एम-सतरा झाली.

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न: बाळंतपणं किती?
सात, मथुरी म्हणाली. जगलेली चार.
मी पेन थांबवलं. मग ही मुळी?
ती हसली, दात पानाने लाल.
"माका कोण दितलो? दिवपी हांवच."
आणि पिशवीची गाठ मारता मारता, सहज:
"आनी तुजेखातीर?"

मी म्हटलं, नको, हे संशोधनासाठी.
तिने तरी हळदीच्या पानात
दुसरी पुडी बांधली.

दहाव्या दिवशी पोट उघडायचं.
गर्भाशयाची दोन शिंगं, ओली, गुलाबी,
आबोलीच्या वळेसरात कळ्या बसाव्यात
तसे गर्भ, सारख्या अंतरावर.
चौदा नंबरच्या मादीत मात्र नुसता दोरा.
बीजकोशावरचे पिवळे ठिपके मोजले: दहा.
दहा निघाले होते घरातून.
पोचलं कुणीच नाही.
मी वहीत शून्य लिहिलं आणि का कोण जाणे
त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं.

सहापैकी चार, कुंकळ्येकर मॅडम म्हणाल्या, पुरेसं नाही.
मात्रा दुप्पट करा. यकृतही बघा.
पुढच्या फेरीला मथुरीला सांगितलं तर
अंगणात शेंगा सोलत तिने विचारलं,
"आनी त्या दोगांक?"
राहिले, म्हटलं. आठ आणि नऊ.
"त्यांकां जाय आशिल्लीं," ती म्हणाली,
शेंगांवरची नजर न काढता.
अहवालात याला रकाना नाही.

फोंड्याला घरी, कॅलेंडरवर
सासूबाई माझे दिवस पेन्सिलीने धरतात,
बारीक टिंब, कुणाला दिसू नये इतकं.
मी दिवसभर उंदरांचे धरते,
काचेवरचा रोजचा ओला थेंब:
आज गोल पेशी, उद्या वाळक्या पानांसारख्या.
त्यांचं चक्र चार दिवसांचं.
त्यांना कुणी मंगळवारी देवळात नेत नाही.
चार वर्षं झाली, सासूबाई फोनवर कुणाला सांगतात,
आणि नवरा टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो,
माझ्यासाठीच वाढवतो, मला माहीत आहे,
पण विचारत तोही नाही.

पुडी सोलांच्या डब्यामागे आहे.
हळदीचं पान तपकिरी झालं, वास अजून टिकून.
तिला नंबर नाही. मात्रा ठरलेली नाही.
कधी सोडून बघते, पुन्हा बांधते.
मला हवंय की नकोय, हा प्रश्न
आजवर मला दोघींनी विचारला,
एक मथुरी,
दुसरी मीच, परवा, डबा पुसताना.

आज नवी खेप आली.
चोवीस माद्या, आठ आठवड्यांच्या, कापसासारख्या.
अठराजणींच्या शेपट्यांवर रेघा ओढल्या,
सहा तशाच पिंजऱ्यात सोडल्या.
ताळगावच्या पठारावर ऊन कलंडलं.
बाटली बंद करताना शाई ओघळली
आणि माझ्या करंगळीवर एक रेघ उमटली.

बेसिनपाशी बराच वेळ नळ चालू ठेवला.
धुतली नाही.